चार ट्रॅक, एक कॅसेट आणि आत्याचा धवला

आजचा भाग जरा तांत्रिक आहे. हेडफोन असतील तर लावा.

आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात लग्नाच्या विधींना धवलारीण धवले गाते. ढोलकी नाही, बँजो नाही. नुसता आवाज, आणि मागून झील धरणाऱ्या दोघीतिघी. हळदीत डीजेवर वाजणारी कोळीगीतं यूट्यूबवर ढिगानं मिळतात, धवले मात्र शोधावे लागतात. माझी आत्या धवले गाते. आता तिला दम लागतो. म्हणून ठरवलं, घरातच रेकॉर्ड करायचं, जुन्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर.

लॅपटॉप असताना कॅसेट का? खरं सांगू, हौस. टास्कॅमनं 1979 मध्ये पोर्टास्टुडिओ 144 काढला आणि घरच्या खोलीत चार ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड करता यायला लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा 'नेब्रास्का' अल्बम याच मशीनवर, घरी, डेमो म्हणून झाला होता. नंतर बँडसोबत वाजवून पाहिलं, पण बाजारात आली ती कॅसेटच. बाकी टेपच्या 'उबदार' आवाजाचं लोक फार कौतुक करतात. लेव्हल थोडी चढी ठेवली की टेप आवाजाची टोकं हळूच दाबते, एवढंच. सोबत सूंऽऽ फुकट.

नेहमीची कॅसेट एका बाजूला दोनच ट्रॅक वाजवते. हे मशीन चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरतं, आणि तेही दुप्पट वेगानं. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त 15 मिनिटं! आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग नवरीला लवकर उठवायचं का?"

एक माइक आत्यासमोर, एकेक झील धरणाऱ्या दोघींसमोर, आणि चौथा दोन मीटर लांब कपाटाजवळ, खोलीसाठी. रेकॉर्डिंग झालं. मिक्सडाउन म्हणजे हे चार ट्रॅक वाजवत, फेडर हातानं वरखाली करत, दुसऱ्या डेकवर स्टिरिओ उतरवणं. पाचव्या मिनिटाला चुकलात तर परत पहिल्यापासून. अनडू नाही.

गंमत पुढेच आहे. खोलीचा फेडर वर केला की आत्याचा आवाज पातळ व्हायचा, डब्यातून आल्यासारखा. कारण साधं आहे. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे दोन मीटरवरच्या माइकपर्यंत तो जवळजवळ 6 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तोच आवाज दोनदा, किंचित मागेपुढे मिसळला की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. लॅपटॉपवर मी तो ट्रॅक माउसनं 6 मिलिसेकंद मागे सरकवला असता. टेपवर ट्रॅक सरकत नाही.

मग मी शहाणपणा केला. खोली बंद, झील अगदी खाली, आत्या पुढे. स्वच्छ मिक्स! आत्याला ऐकवलं. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "अरे, मी एकटीच गातेय का? बाकीच्या गेल्या कुठं? मी श्वास घेते तेव्हा त्या उचलतात ना."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचा दम संपतो तिथं गाणं थांबत नाही, त्या दोघी ते पुढे नेतात. मी नेमकं तेच दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी खोलीचा फेडर जेमतेम ठेवला आणि झीलेचे दोन्ही फेडर आत्याच्या श्वासावर वर घेत गेलो. धवला पाठ नसल्यामुळे तीनदा उशीर झाला, चौथ्यांदा जमलं. त्याआधी चारही ट्रॅक लॅपटॉपवर उतरवून ठेवले होते, कारण प्रत्येक वेळी वाजवताना टेप थोडी झिजते. इंजिनिअर माणूस, बॅकअपशिवाय झोप लागत नाही. तुम्हीही आधी तेच करा, हौस नंतर.

आता ऐका. सुरुवातीला कावळा ओरडतो, तो चारही माइकमध्ये आलाय. राहू दिलाय.