शंभर यार्डांचा मानकरी : आर्थर व्हार्टन

श्रोतेहो, ज्या खेळाडूविषयी आज मी आपणाशी बोलणार आहे त्याचे नाव आर्थर व्हार्टन. रणजी किंवा ब्रॅडमन ही नावे ज्या सहजतेने आपल्या गप्पांत येतात, त्या सहजतेने हे नाव आपल्याकडे तर राहोच, पण प्रत्यक्ष इंग्लंडातही बराच काळ कोणाच्या तोंडी नव्हते. १९३० साली तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा बसविला गेला नाही. आणि हा तो मनुष्य, ज्याने एके काळी शंभर यार्डांची शर्यत जगात कोणाच्याही अधिकृत नोंदीत नव्हती इतक्या वेगाने जिंकली होती, व ज्याने पुढे फुटबॉलच्या गोलखांबांमध्ये उभे राहून जवळजवळ सोळा-सतरा वर्षे काढली. एवढा पराक्रमी पुरुष इतका विसरला कसा गेला, हा प्रश्न मला त्याच्या विक्रमाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आर्थरचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आक्रा या गावी झाला. त्या प्रदेशाला त्या काळी गोल्ड कोस्ट म्हणत. आजचा तो घाना देश. वडील हेन्री व्हार्टन हे मूळचे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचे, मेथडिस्ट पंथाचे मिशनरी. आईचे नाते तिकडच्या फान्ते लोकांच्या राजघराण्याशी होते. म्हणजे हा कोणी रस्त्यावरचा अनाथ मुलगा नव्हे. सुस्थितीतील, सुशिक्षित घरातील मुलगा. वडिलांप्रमाणे त्यानेही धर्मोपदेशक व शिक्षक व्हावे अशी योजना होती व त्यासाठीच त्याला इंग्लंडला धाडण्यात आले. १८८४ मध्ये तो उत्तर इंग्लंडातील डार्लिंग्टन येथील क्लीव्हलंड कॉलेजात दाखल झाला. तेथे बायबलपेक्षा मैदानानेच त्याला अधिक ओढून घेतले. धावणे, फुटबॉल, क्रिकेट, सायकल, काहीही त्याने वर्ज्य मानले नाही. पुढे प्रेस्टन ते ब्लॅकबर्न या सायकलप्रवासाचाही विक्रम त्याने केला.

आता १८८६ सालाकडे येऊ. त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या पारशी क्रिकेटपटूंचा संघ प्रथमच इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला होता व तेथील वृत्तपत्रे या परदेशी पाहुण्यांकडे मोठ्या कुतूहलाने, क्वचित थट्टेनेही, पाहत होती. व्हार्टन पाहुणा नव्हता. तो डार्लिंग्टनच्या क्लबाचा खेळाडू म्हणून लंडनला गेला होता. इंग्लंडची हौशी मैदानी अजिंक्यपदे त्या वर्षी ३ जुलै रोजी स्टॅम्फर्ड ब्रिज येथे व्हावयाची होती. आज ते नाव काढले की चेल्सी हा फुटबॉल क्लब आठवतो; परंतु चेल्सी क्लबाचा जन्मच १९०५ चा. तत्पूर्वी ते मैदान धावपटूंचे होते.

त्या काळच्या शर्यतीचे चित्र डोळ्यांपुढे आणावयाचे तर आजच्या कित्येक गोष्टी मनातून पुसून टाकाव्या लागतात. हात जमिनीला टेकून, ओणवे होऊन निघण्याची पद्धत अद्याप आलेली नव्हती. धावपटू उभ्यानेच सज्ज राहत. रबरी धावपट्टी कोठली, राखेची वाट होती. वेळ मोजावयाची ती हातातील घड्याळावर, सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत. अशा स्थितीत व्हार्टनने प्राथमिक फेरीत शंभर यार्ड, म्हणजे सुमारे साडेएक्क्याण्णव मीटर अंतर बरोबर दहा सेकंदांत तोडले, आणि त्याच दिवशी अंतिम फेरीतही पुन्हा दहा सेकंदांतच तोडले. दहा सेकंदांची वेळ त्यापूर्वी कोणी दिलीच नव्हती असे नव्हे. तसे दावे अनेकांचे होते. पण कोठे जमीन उतरती असे, कोठे अंतर नीट मोजलेले नसे, कोठे घड्याळ पाहणारा धावपटूचाच मित्र निघे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत, अधिकृत वेळमापकांच्या डोळ्यांदेखत, आणि तेही एका दिवसात दोनदा, अशी वेळ प्रथम नोंदली गेली ती व्हार्टनची. प्रिन्स हसन पाशा याच्या नावाचा भव्य चषक त्याला मिळाला. पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, स्टौरब्रिज येथे त्याने तेच अजिंक्यपद पुन्हा राखले.

श्रोतेहो, चषक मोठा देखणा असतो, पण तो शिजवून खाता येत नाही. येथूनच व्हार्टनच्या आयुष्याची खरी गाठ सुरू होते, आणि ती समजण्यासाठी त्या काळच्या इंग्लंडातील 'हौशी' व 'धंदेवाईक' या दोन शब्दांचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे.

मैदानी खेळांची मध्यवर्ती संघटना १८८० मध्ये स्थापन झाली. तिच्यापूर्वीच्या मंडळींचे नियम असे होते की, कारागीर व मजूर यांना हौशी खेळाडू म्हणून उतरताच येऊ नये; हाताने कष्ट करणाऱ्याच्या अंगात साहजिकच अधिक बळ, तेव्हा सभ्य गृहस्थांनी त्याच्याशी स्पर्धा कशाला करावी, असा तो युक्तिवाद. नव्या संघटनेने ही अट काढून टाकली, हे तिला भूषणावह होय. परंतु एक कुंपण तिने कायम ठेवले. पैशासाठी जो एकदा धावला, त्याला हौशी मैदान बंद. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला या नियमाचा काहीच जाच नव्हता. ज्याला उद्याच्या भाकरीची चिंता आहे त्याने मात्र कीर्ती की पोट याचा निवाडा करावयाचा.

फुटबॉलची वाट याच सुमारास निराळी झाली. उत्तरेकडील गिरण्यांच्या गावांत कामगार खेळत व कामगारच सामने पाहावयास लोटत. शनिवारची मजुरी बुडवून त्यांनी फुकट खेळावे तरी कसे? क्लब त्यांना हळूच पैसे देत व सारे जण डोळेझाक करीत. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबाने प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध याबाबत तक्रार केली, तेव्हा प्रेस्टनचे व्यवस्थापक विल्यम सडेल यांनी आढेवेढे न घेता आपण खेळाडूंना पैसे देतो हे कबूल करून टाकले. प्रेस्टन त्या वर्षी चषकस्पर्धेतून बाद झाले. परंतु झाकली मूठ एकदा उघडल्यावर पुन्हा झाकता आली नाही. १८८५ मध्ये फुटबॉल संघटनेने धंदेवाईक खेळाडूला मान्यता दिली.

याच प्रेस्टनने डार्लिंग्टनच्या या गोलरक्षकाला आपल्याकडे खेचले. १८८६-८७ च्या हंगामात तो त्यांच्यातर्फे चषकाच्या उपान्त्य सामन्यापर्यंत खेळला. तेथे वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनने त्यांना ३-१ असे हरविले. त्या वेळी तो कागदोपत्री हौशीच होता, कारण धावण्याचे अजिंक्यपद सोडण्याची त्याची तयारी नव्हती. पुढे तो प्रेस्टनपासून दूर झाला, आणि १८८८-८९ मध्ये त्याच संघाने एकही सामना न गमावता पहिली फुटबॉल लीग जिंकली, वर चषकही पटकाविला. दैवाची ही चाल पाहून मन हळहळते.

त्याचे गोलरक्षण कसे होते? आजच्या प्रेक्षकाला ते विक्षिप्तच वाटले असते. त्या काळी गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताने खेळण्याची मुभा होती, ती १९१२ पर्यंत टिकली. पण त्याला तशी मोठी किंमतही मोजावी लागे. समोरचे आघाडीवीर त्याच्यावर खुशाल धडका घालीत. व्हार्टन गोलखांबाला टेकून स्वस्थ उभा राही आणि ऐन क्षणी विजेसारखा पुढे झेपावून चेंडूला असा ठोसा हाणी की तो दूरवर जाऊन पडे. एका वृद्ध प्रेक्षकाने १९४२ साली शेफील्डच्या वृत्तपत्राला पत्र लिहून एक आठवण कळविली होती. व्हार्टनने उडी मारून आडवा खांब हातांनी धरला, लोंबकळत राहून चेंडू दोन्ही पायांमध्ये पकडला, आणि धावून आलेले तीन आघाडीवीर थेट जाळ्यात जाऊन कोसळले! पन्नास वर्षे सामने पाहणाऱ्या त्या गृहस्थाने तसला बचाव पुन्हा कधी पाहिला नव्हता.

लोकांना ही गंमत आवडे. काही टीकाकारांना ती मुळीच खपत नसे. १८८७ मध्ये एका क्रीडापत्राने त्याच्या या शैलीची निर्भर्त्सना केली, ती करताना त्याच्या वर्णावर घसरण्यासही मागेपुढे पाहिले नाही. त्याच्या जाड डोक्यात एवढेही शिरत नाही काय, असा तिचा सूर होता. पुढे शेफील्डमध्ये ज्या बिली फोल्कने त्याची जागा घेतली, त्या अगडबंब गोऱ्या गोलरक्षकाच्या विक्षिप्त चाळ्यांचे मात्र कौतुकाने किस्से झाले. हा भेद पुरेसा बोलका आहे.

१८८८ मध्ये व्हार्टनने निवाडा केला. तो पैशासाठी धावू लागला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शेफील्डच्या क्वीन्स ग्राउंडवरील प्रसिद्ध हँडिकॅप शर्यत त्याने जिंकली. या शर्यतींत मंद धावपटूला काही यार्ड पुढून सोडीत, जेणेकरून सारे जण अखेरीस जवळजवळ एकत्र पोहोचावेत आणि पैजा लावणाऱ्यांचा बाजार गरम राहावा. खेळाडूच्या दृष्टीने पैसा होता, पण प्रतिष्ठा नव्हती, आणि माघारी फिरण्याची वाट तर नव्हतीच. पुढल्या वर्षी त्याने रॉदरहॅम टाउन या क्लबाशी करार केला व धंदेवाईक फुटबॉलपटू झाला. पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचे नाव घेतात ते यामुळे. त्याच्याआधी अँड्र्यू वॉटसन हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८१ मध्ये स्कॉटलंडचा कर्णधार झाला होता, आणि त्यालाही पुढे मानधन मिळत असावे असे काही संशोधक म्हणतात. तो वाद आपण त्यांच्याकडेच सोपवू.

रॉदरहॅम येथेच त्याने लग्न केले व मद्यगृहही चालविले. १८९४ मध्ये शेफील्ड युनायटेडने त्याला घेतले. १८९५ च्या फेब्रुवारीत संडरलंडविरुद्ध तो पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळला. त्या श्रेणीत उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. परंतु नव्या दमाच्या फोल्कपुढे त्याला जागा उरली नाही. मग पुन्हा रॉदरहॅम, स्टॅलीब्रिज रोव्हर्स, ॲश्टन नॉर्थ एंड, आणि शेवटी १९०१-०२ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटी. पाय अद्याप चपळ होते, म्हणून कधीकधी गोलखांब सोडून त्याला आघाडीच्या कडेलाही खेळवीत. नेमक्या त्याच हंगामापासून खेळाडूच्या पगारावर आठवड्याला चार पौंड ही कमाल मर्यादा आली. म्हणजे ज्यांचा भर ओसरला नव्हता त्यांचीही गाठ अखेर चार पौंडांशीच. छत्तिशीतल्या खेळाडूच्या गाठीला काय उरले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

त्यानंतर तो कोळशाच्या खाणीत गेला. डॉन्कास्टरजवळ एड्लिंग्टन गावी यॉर्कशायर मेन नावाची मोठी खाण होती. तेथे कोळशाची वाहतूक करणारा मजूर म्हणून त्याने आयुष्याची शेवटची वर्षे काढली. ज्याला व्यासपीठावरून प्रवचने करावयास धाडले होते, तो जमिनीखाली हातगाड्या ओढू लागला. काही जण याचे सारे खापर वर्णद्वेषावर फोडतात. वर्णद्वेष होताच, त्याचा दाखला वर आलाच आहे. परंतु माझ्या मते केवळ तेवढ्याने हा हिशेब पुरा होत नाही. त्या काळचे कित्येक गोरे फुटबॉलपटूही असेच खाणीत, गिरणीत किंवा दारूच्या गुत्त्यात जाऊन संपले. खेळाडूला पैसे देण्यास लाजणारी आणि देऊ लागल्यावर मोजून देणारी ती व्यवस्था होती. व्हार्टनच्या वाट्याला ती आली आणि वर कातडीचा रंगही आला. शिवाय इतिहास लिहिणारे बहुधा हौशी परंपरेचे अभिमानी. जो पैशासाठी धावला त्याची आठवण जपण्याची त्यांना गरज भासली नाही.

त्याचा विक्रम चार वर्षे अबाधित राहिला. १८९० मध्ये अमेरिकेच्या जॉन ओवेनने तो ९.८ सेकंदांवर आणला. पुढे यार्डांच्या शर्यतीच मागे पडल्या, आणि १९७६ नंतर एक मैलाचा अपवाद वगळता यार्डांतील जागतिक विक्रमांची नोंदच थांबली.

१३ डिसेंबर १९३० रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, दीर्घ आजारानंतर स्प्रिंगवेल येथील आरोग्यधामात व्हार्टनचे निधन झाले. एड्लिंग्टनच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. शेफील्ड येथील वर्णद्वेषविरोधी फुटबॉलप्रेमींच्या एका चळवळीने वर्गणी जमवून १९९७ साली त्या जागी दगड बसविला. पाठोपाठ फिल व्हॅसिली यांनी त्याचे चरित्र लिहिले, आणि २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सन्मानमंदिरात त्याची निवड झाली. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्क येथे, त्याचा सोळा फूट उंचीचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यात तो गोलरक्षक आहे; अंग ताणून, हवेत झेपावून, चेंडू आडव्या खांबावरून पलीकडे ढकलतो आहे.