तुरीच्या रानातील वैरी आणि सोबती

मार्गशीर्षातील अमावास्येला बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील गावे ओस पडतात. बीदरजवळच्या कोळारपासून आळंदच्या शिवारापर्यंत घरोघरची माणसे येळवशीच्या सणासाठी रानात गेलेली असतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी व अंबिल यांच्या पंगती बसतात. भज्जीत पडणारे तुरीचे ओले दाणे त्याच रानातले असतात; मुले तर शेंगा झाडावरून तोडून तशाच सोलून खातात. त्या शेंगांवर चार दिवसांपूर्वी विष पडले होते किंवा काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शेतीशास्त्राचा राहत नाही; तो घरातील ताटापर्यंत येऊन पोहोचतो.

कलबुर्गीच्या तुरीची कीर्ती मोठी आहे. तेथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु या पिकाचा वैरीही तितकाच जबरदस्त आहे. हरभऱ्यावर तीच घाटेअळी, कपाशीवर तीच बोंडअळी आणि तुरीवर तीच शेंगा पोखरणारी अळी. तिची एक मादी हजाराच्या आसपास अंडी घालू शकते. अळी लहान असते तेव्हा कळ्या आणि फुले खाते. मोठी झाली म्हणजे शेंगेला भोक पाडून निम्मे अंग आत खुपसते व दाणा फस्त करते.

या अळीवर मनुष्याने विषाचा उपाय योजला. आरंभी त्याचा गुण आला, हे नाकारता येत नाही. तथापि प्रत्येक फवारणीतून ज्या थोड्या अळ्या वाचल्या, त्या विष पचविणाऱ्याच होत्या, आणि पुढची पिढी त्यांचीच निपजली. १९८७ च्या सुमारास आंध्रच्या कपाशीत या किडीने नव्या औषधांनाही दाद दिली नाही. दुसरीकडे, अळीच्या अंगात अंडी घालून तिचा नाश करणाऱ्या गांधीलमाश्या, कोळी, ढालकिडे हे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार मात्र पहिल्याच फवाऱ्यात मेले. वैरी वाचला आणि सोबती गेले.

त्याचे फळ १९९७–९८ च्या हंगामात दिसले. अवेळी पाऊस झाला, अळीचा कहर उसळला आणि या भागातील तूर हातची गेली. औषधांसाठी काढलेले कर्ज तेवढे उरले. बीदर जिल्ह्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता आल्या. पुढे २०१७ साली विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली. विष पाठीवर वाहणारा बहुधा शेतमजूर असतो, आणि पहिला घोट त्याच्याच श्वासात जातो.

मग उपाय कोणता? जुन्या शेतकऱ्यांना एक ठाऊक होता. तुरीच्या ओळींतून कापड धरून चालावयाचे आणि झाडे हलवावयाची. अळ्या टपाटप खाली पडतात. औषधांच्या दिवसांत मागे पडलेली ही रीत १९९७ च्या आपत्तीनंतर कलबुर्गीच्या रानांत पुन्हा सुरू करण्यात आली.

दुसरा उपाय याहून विलक्षण आहे. या अळीस विषाणूचा एक रोग होतो. रोगट अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि उलटी लोंबकळून मरते. तिची कातडी फुटून जो द्रव गळतो, त्यात विषाणूचे असंख्य कण असतात. सुमारे अडीचशे रोगट मोठ्या अळ्यांचा गाळलेला अर्क पाण्यात मिसळला, तर हेक्टरभर रानाला एक फवारणी होऊ शकते. हा विषाणू याच किडीला लागतो. माणूस, गुरे, पाखरे व मधमाश्या यांना त्याचा उपद्रव नाही. उन्हाने तो निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी सायंकाळी करावयाची आणि द्रावणात थोडा गूळ व नीळ घालावयाची. जोडीला निंबोळीचा पाच टक्के अर्क, नरपतंग पकडणारे कामगंध सापळे आणि पाखरांना बसण्यासाठी रोवलेल्या काठ्या. तुरीत थोडी ज्वारी पेरली, तर तिच्या ताटांवर कोतवाल आपण होऊन येऊन बसतो.

या मार्गाला मर्यादा आहेत. विषाणूने अळी मरावयास पाच ते सात दिवस लागतात. फवारल्याबरोबर अळ्या गळताना पाहण्याची सवय जडलेल्या डोळ्यांना हा काळ फार वाटतो. अळी लहान असतानाच अर्क मारला पाहिजे. ती मोठी झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. म्हणजे बाटली विकत घेण्याऐवजी रोज सकाळी रानात फिरून झाड निरखावे लागते. शिवाय अर्क अस्सल मिळाला पाहिजे, आणि एकट्याने केलेला उपाय शेजारच्या रानातून उडत येणारे पतंग निष्फळ करू शकतात. कीड आटोक्याबाहेर गेल्यास मोजके रासायनिक औषध अजूनही लागते. परंतु त्याची पाळी शेवटची असावी.

निसर्गाच्या हातून कीड अथवा तण आवरणे दख्खनला नवे नाही. बांधोबांध माजलेला फड्या निवडुंग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका इवल्या किड्यानेच हटविला. तो किडा मनुष्याने शोधून आणला होता. तुरीच्या रानातील सोबती तर मुळातच तेथे आहेत. त्यांना मारावयाचे नाही, एवढे पथ्य गावाने मिळून पाळले, तर येळवशीच्या दिवशी मुलाच्या हातातील शेंग हिसकावून घेण्याची पाळी कोणत्याही आईवर येणार नाही.