विद्यार्थी आणि लोकहिताचा उद्योग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील चार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लोकहितकारी उद्योगाच्या एका स्पर्धेत उतरण्याचे ठरवून प्रवासखर्चासाठी मंडळाकडे अर्ज केला आहे. त्यावरून आपल्यात दोन तट पडले आहेत. परीक्षेचे वर्ष सोडून ही उठाठेव कशाला, असा वडीलधाऱ्यांचा सवाल आहे. मी मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक. व्यापारशास्त्रात माझा अधिकार शून्य. तथापि मुलांनी दिलेली माहिती वाचून माझे मत त्यांच्या बाजूस झुकले, त्याची कारणे सांगतो.

या स्पर्धेचे नाव हल्ट प्राइज. ती अमेरिकेत निघाली असली तरी तीत जगभरच्या विद्यापीठांतील संघ उतरतात. आरंभीची फेरी आपापल्या विद्यापीठातच होते. अंतिम विजेत्यास दहा लक्ष डॉलर मिळतात. परंतु ही खिशात घालावयाची बक्षिसी नव्हे, योजलेला उद्योग उभारण्याचे ते भांडवल असते. अर्थात विजेता एकच. दहा लक्षांवर डोळा ठेवून जाणाऱ्याने घरीच बसावे हे बरे.

हे परदेशी प्रकरण आपल्या काय कामाचे, असे कोणी म्हणेल. २०१४ साली हे पारितोषिक हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमधील विद्यार्थ्यांनी पटकाविले. शहरांतील झोपडपट्ट्यांत जुनाट विकारांनी पीडलेल्या अडीच कोटी लोकांना २०१९ पर्यंत उपचार कसे पोहोचवावे, हा त्या वर्षीचा प्रश्न होता. मधुमेह आणि रक्तदाब गुपचूप वाढतात. रोजंदारीवरचा मनुष्य दवाखान्यात गेला की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. तेव्हा दवाखानाच दारात जावा, असे या मुलांनी योजिले. ‘नॅनोहेल्थ’ या त्यांच्या उद्योगात ‘साथी’ म्हणविणाऱ्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी उपकरणांची पिशवी घेऊन घरोघर तपासणी करावयाची होती.

येथवर कोणतीही धर्मादाय संस्था येईल. उद्योग म्हटला की पुढचा प्रश्न अटळ: साथीचा पगार कोण देणार? रुग्णाने द्यावा तर किती, आणि दुसऱ्या महिन्यात तो देईल काय? देणगी आटली की धर्मादाय काम थांबते. उद्योगाला स्वतःच्या मिळकतीवर उभे राहावे लागते. हा हिशेब विशीतल्या मुलांना परक्या परीक्षकांपुढे मोजक्या मिनिटांत मांडावा लागतो. आमच्या शाळांनी त्यांना उत्तरे पाठ करविली. प्रश्न शोधावयास पाठविले नाही.

आपल्या चौघांनी शेतमजूर स्त्रियांच्या पाळणाघराची योजना आखली आहे. योजना चांगली आहे, पण कागद फार गुळगुळीत वाटतो! म्हणून माझी सूचना अशी, की साहाय्य द्यावे, मात्र अटीवर. त्यांनी आधी महिनाभर सकाळी मजुरांच्या नाक्यावर जावे, त्या स्त्रियांची मजुरी किती, मूल आज कोणाजवळ राहते, पाळणाघरास दिवसाकाठी किती देणे झेपेल, हे वहीत उतरवावे आणि ती वही कार्यकारिणीस दाखवावी. एकीनेही पैसे देण्याची तयारी दर्शविली नाही, तर योजना बदलावी. खर्चासाठी शिष्यवृत्ती निधीस हात लावण्याचे कारण नाही. गुणगौरव समारंभातील शाली आणि ढाली एक वर्ष वगळल्या तरी भागेल.

अर्जावरील मतदान दुपारच्या सभेत आहे. चौघेही मागच्या रांगेत बसले आहेत. भोजनाच्या सुटीत ज्याला जे विचारावयाचे असेल ते त्यांना समोरासमोर विचारावे.