परगावच्या माणसांची बैठक



बाहेरून शहरात आलेल्या लोकांना एकत्र जमण्यासाठी जागा कशी बांधावी, हा आजचा विषय. तो ऐकताच रंगमंच, खुर्च्या आणि देणगीदारांची नावे कोरलेला संगमरवर डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या मते विचाराची सुरुवातच येथे चुकते. म्हणून नकाशांकडे वळण्यापूर्वी मुंबईच्या धोबी तलावावर जाऊ.

तेथल्या जेर महालात, तसेच माझगावात, गोमंतकीयांच्या ‘कुडी’ आहेत. मराठीत कूड म्हणजे काटक्यांची भिंत. कोंकणीत कूड म्हणजे खोली. डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता, तेव्हा मुंबईस येणारा गोवेकर शेजारचा असूनही परक्या राज्याचा रहिवासी. कोणी तारवटी, कोणी आचारी, कोणी शिंपी, कोणी वादक. गावागावाने आपापली कूड थाटली. लांबट दालन, एका टोकास गावच्या संताची वेदी, भिंतीकडेने ओळीने पेट्या. रात्री मध्ये पथाऱ्या पडत. भाडे अगदी थोडे.

या साऱ्यात आम्हांस महत्त्वाची वाटते ती पेटी. तारवटी महिनोन्महिने समुद्रावर असे, परंतु त्याची पेटी शहरात असे. तिच्यामुळे त्याला पत्ता होता. तेथे पत्र येई, कोणत्या बोटीवर भरती चालू आहे तेही कळे. सायंकाळी सर्वांनी मिळून प्रार्थनेस बसायचे, असा नियम. धर्माची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी आज कोण आला नाही हे त्या वेळी आपोआप कळत असणार. वर्षातून एकदा भाड्याने मिळणाऱ्या सभागृहात हे कसे साधावे?

कुडीचे गोडवे गाऊन आम्ही थांबणार नाही. ती बहुतेक पुरुषांचीच होती. घरकामासाठी शहरात आलेल्या बाईला तेथे कुठली पथारी? गिरणगावातही तेच. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांचे गाळे पुरुषांचे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांनी मात्र बसावे कोठे, याचा विचार फारसा कोणी केला नाही. सोशल सर्व्हिस लीगने परळला १९२२ मध्ये दामोदर नाट्यगृह उभारले आणि कामगारांच्या रंगभूमीला हक्काचे व्यासपीठ मिळाले. २०२३ मध्ये तेही पुनर्बांधणीसाठी बंद झाले.

आता आपल्या गावाकडे पाहू. इमारतींच्या कामावर बिहार, ओडिशा, बंगाल येथून माणसे आली आहेत. रविवारी ती स्टेशनाबाहेर, पुलाखाली उभी दिसतात. त्यांना उभे राहण्याची हौस असते, असे थोडेच आहे! २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे रस्त्याने चालत निघाली. कोण कोठल्या गावचा आणि कोठे अडकला आहे हे विचारायला जावे, अशी एकही खोली नव्हती.

तेव्हा नगरपालिकेकडे सभागृह मागू नये. प्रत्येक मोठ्या बांधकामाजवळ एक खोली मागावी : कुलपाचे कप्पे, नळ, चूल, पत्रे ठेवण्याची फळी, बायांसाठी वेगळी वेळ नव्हे तर वेगळे दार. रात्री अकरापर्यंत उघडी. आणि किल्ली मुकादमाकडे न देता, तेथे बसणाऱ्यांनी निवडलेल्या दोघांकडे द्यावी. त्यांतली एक बाई असावी. मुकादमाकडे किल्ली गेली, की त्या खोलीत सिमेंटची पोती येतात.