दुखणे सांगण्याची भाषा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यात्याने साहित्य, संस्कृती किंवा मंडळाची वाटचाल यांविषयी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज आजारपणाविषयी, आणि त्यातही आजारपणाच्या शब्दांविषयी बोलणार आहोत. विषय काहीसा अप्रस्तुत वाटेल. परंतु परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबाला आपल्या भाषेची निकड जितकी रुग्णालयाच्या दारात भासते, तितकी ती गणेशोत्सवाच्या मांडवातही भासत नसेल.

भिलाई-३ येथे आपली कुटुंबे आली ती रेल्वेच्या, पोलाद कारखान्याच्या, अथवा त्यांच्या आधाराने वाढलेल्या व्यवसायांच्या निमित्ताने. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि सगळ्या प्रांतांतली माणसे या परिसरात एकत्र आली. बाजारात आपण हिंदी बोलतो, कचेरीत हिंदी आणि इंग्रजी, शेजारी छत्तीसगढी ऐकतो. हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु रात्री दोन वाजता छातीत कळ आली की तोंडातून जो शब्द बाहेर पडतो तो मराठीच असतो. सेक्टर ९ च्या रुग्णालयात असो वा रायपूरच्या एम्समध्ये, समोरच्या डॉक्टरांची भाषा वेगळी असते. त्या दोन भाषांमधले अंतर किती, हा आजचा प्रश्न आहे.

हिंदी आणि मराठी या भगिनीभाषा, लिपीही एक. तेव्हा अंतर ते काय असणार, असे कोणी म्हणेल. परंतु धोका नेमका तेथेच आहे. सर्वस्वी अनोळखी शब्द ऐकला की ऐकणारा ‘म्हणजे काय?’ असे विचारतो. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला, तर तो विचारीतच नाही. आपण ‘जुलाब’ म्हणतो तेव्हा पोट बिघडून शौचाला पातळ होणे अभिप्रेत असते. हिंदीत ‘जुलाब’ हे प्रामुख्याने रेचकाचे नाव आहे. आपली ‘मान’ आखडते. हिंदीत मान म्हणजे प्रतिष्ठा, आणि शरीराचा तो भाग म्हणजे ‘गर्दन’. आपली ‘पाठ’ दुखते, हिंदी भाषकाची ‘पीठ’ दुखते, आणि आपले पीठ डब्यात असते. येथवर हसून सोडून देण्यासारखे आहे. परंतु आता पुढचे दोन शब्द पाहा.

‘दरदरून घाम फुटला’ हे हृदयविकाराच्या झटक्याचे एक लक्षण आपण सांगतो. छत्तीसगढीत ‘घाम’ म्हणजे ऊन. आजींनी ‘घाम, घाम’ म्हटले, तर शेजारच्या बाईंना त्या उन्हाची तक्रार करीत आहेत असे वाटण्याचा संभव आहे. दुसरा शब्द ‘बधीर’. ‘उजवा हात बधीर झाला’ असे आपण म्हणतो. हिंदीत ‘बधिर’ म्हणजे बहिरा, आणि आपल्या बधीरपणाला तेथे ‘सुन्न होना’ म्हणतात. एका बाजूचा हातपाय अकस्मात बधीर होणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या साडेचार तासांतला अर्धा तास एका शब्दाच्या उलगड्यात गेला, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

ही अडचण केवळ आपली नव्हे, आणि ती आजचीही नव्हे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात त्यात बसल्या आहेत. एक आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी, तिसऱ्या सीरियाच्या सबात इस्लामबुली. आनंदीबाई १८८६ साली, ओकामी १८८९ साली आणि इस्लामबुली १८९० साली पदवीधर झाल्या. आनंदीबाईंचे कर्तृत्व आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक मिळाली, परंतु त्यापूर्वीच क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. मायदेशी परतलेल्या ओकामीबाईंनी तोक्योच्या रुग्णालयात काम केले. परंतु स्त्री म्हणून सम्राटाने त्यांच्याकडून तपासून घेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय केला.

त्या छायाचित्रात वेष वेगळे आहेत, मातृभाषा वेगळ्या आहेत. परंतु शिक्षणाचे ओझे एकच आहे. आनंदीबाईंनी इंग्रजी शिकले ते विवाहानंतर, गोपाळरावांच्या आग्रहाने. ओकामीबाईंनी योकोहामाच्या मिशनरी शाळेत. ती इंग्रजी हाती आल्यावर त्यांच्यापुढे तिसरीच भाषा उभी राहिली, ती वैद्यकाची. वैद्यकातले इंग्रजी हे पुष्कळ अंशी ग्रीक आणि लॅटिन आहे. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यालाही ते शिकावेच लागते. जपानी किंवा मराठी विद्यार्थ्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात, इतकेच.

जपानी विद्यार्थ्याची वाट कशी असते ते पाहणे आपल्याला उद्बोधक आहे. १७७१ साली सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शवविच्छेदन पाहिले. हाती असलेल्या डच शारीरग्रंथातील आकृत्या प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळत असल्याचे पाहून ते थक्क झाले, आणि तो ग्रंथ भाषांतरित करण्याचा त्यांनी निश्चय केला. डच भाषेचे ज्ञान तुटपुंजे, हाताशी धड शब्दकोश नाही. सुगितांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत, एकेका शब्दासाठी दिवस दिवस कसा जाई, हे सांगितले आहे. १७७४ साली ‘काइताई शिन्शो’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या संज्ञेला प्रतिशब्द नव्हता तिच्यासाठी त्यांनी शब्द घडविले. शरीरातून संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूला त्यांनी ‘शिन्केई’ म्हटले. ‘शिन्’ म्हणजे चैतन्य, ‘केई’ म्हणजे वाहिनी. तो शब्द आजही जपानी मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे. पुढे जपानने जर्मन वैद्यकाचा मार्ग धरला, म्हणून रुग्णाच्या नोंदपत्रास तेथे आजही ‘कारुते’ हा जर्मन मूळ असलेला शब्द रूढ आहे. शस्त्रक्रियेच्या सुरीला मात्र डचांपासून आलेले ‘मेसु’ हेच नाव टिकले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजीचे महत्त्व वाढले. परिणामी जपानी वैद्यकविद्यार्थी रोगाचे एक नाव जपानीत शिकतो आणि दुसरे इंग्रजीत.

ही दोन नावे शेजारी ठेवली की एक मौज दिसते. इंग्रजीत ‘आयटिस’ हा प्रत्यय दाह सुचवितो. त्याच्या जागी जपानीत ‘एन्’ येते, आणि त्याच्या चिन्हाचा मूळ अर्थ ज्वाला. यकृताच्या विकाराला इंग्रजीत ‘हेपटायटिस’, जपानीत ‘कान्-एन्’, आणि आपल्याकडे ‘यकृतदाह’. ‘इन्फ्लमेशन’ या इंग्रजी शब्दाच्या पोटातही लॅटिनमधली ज्वालाच आहे. मधुमेहाचे पाहा. ‘मेह’ हा मूत्राशी निगडित, आणि मधू तर स्पष्टच आहे. ‘डायबेटिस मेलिटस’ मधील ‘मेलिटस’ म्हणजे मधासारखा गोड. जपानी नाव ‘तोन्योब्यो’, अर्थात साखर-मूत्र-रोग. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी रोग्याच्या शरीरात एकच गोष्ट पाहिली आणि आपापल्या भाषेत तिला नाव दिले. जो विद्यार्थी हे ओळखतो त्याला इंग्रजी संज्ञा पाठ करावी लागत नाही. ती त्याला समजते. जपानी विद्यार्थ्याला ‘हायपर’च्या जागी ‘को’ म्हणजे उच्च, आणि ‘हायपो’च्या जागी ‘तेई’ म्हणजे नीच, हे एकदा कळले की रक्तदाब वाढला की घटला याचा घोटाळा होत नाही. उच्चारात मात्र त्याची परीक्षा असते. ‘र’ आणि ‘ल’ हा भेद जपानीत नसल्यामुळे यकृताचे ‘लिव्हर’ आणि नदीचे ‘रिव्हर’ त्याच्या कानाला एकच वाटतात.

परंतु संज्ञा शिकणे हा अभ्यासाचा सोपा भाग होय. कठीण भाग आहे तो दुखण्याच्या शब्दांचा. जपानी माणूस वेदना सांगताना ध्वन्यनुकारी शब्द वापरतो. ठणकणाऱ्या दाढेसाठी ‘झुकिझुकि’, पोटातल्या तीव्र कळेसाठी ‘किरिकिरि’, मंद पण सतत दुखण्यासाठी ‘शिकुशिकु’, जखम चुरचुरते त्यासाठी ‘हिरिहिरि’. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे हे शब्द निरुपयोगी ठरतात. तेथे ‘थ्रॉबिंग’, ‘स्टॅबिंग’, ‘डल’, ‘बर्निंग’ यांतून निवड करावी लागते. कॅनडातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात अशा ७८ शब्दांची २० गटांत मांडणी आहे. रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याच्या स्वरूपाविषयी डॉक्टरांना अंदाज बांधता येतो, हे त्यामागचे तत्त्व. आग होणे हे नसेच्या विकाराकडे बोट दाखवू शकते, आणि लाटेसारखी येणारी व ओसरणारी कळ आतड्याकडे.

आता आपल्या मराठीकडे पाहा. आपली दाढ ठणकते, जखम चुरचुरते, डोळ्यात खुपते, डोके भणभणते. पोटात मुरडा येतो, पायांत गोळे येतात, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, तळपायांची आग होते, हाताला मुंग्या येतात, अंग मोडून येते, कणकण वाटते. मेलझॅक यांच्या प्रश्नावलीशेजारी ही यादी लाजत उभी राहणार नाही. परंतु भिलाईत वाढलेल्या आपल्या मुलानातवंडांना यांपैकी किती शब्द कळतात? त्यांना ‘पेन’ कळतो, ‘दर्द’ कळतो. आजी सांगते, ‘पाठीत उसण भरली’. नातू डॉक्टरांना सांगतो, ‘दर्द है’. आजीने दिलेली सूक्ष्म माहिती वाटेतच सांडून जाते. ‘मुंग्या येतात’ याचे शब्दशः भाषांतर ‘चींटियाँ आती हैं’ असे झाले, तर घरात मुंग्या झाल्याचाच समज होईल. हिंदीत त्याला ‘झुनझुनी’ म्हणतात. आणखी एक नाजूक गोष्ट. ‘दिवस गेले’, ‘अंगावर जाते’ असे शब्द आपल्या स्त्रिया वापरतात. ते नातवाच्या तोंडून डॉक्टरांकडे जाणे कोणत्याही सासूला किंवा सुनेला रुचणार नाही. मग त्या ते सांगतच नाहीत. न सांगितलेले लक्षण कोणत्याही तपासणीत सहजी सापडत नाही.

मराठीत वैद्यक सांगता येत नाही, असा समज असेल तर तोही दूर केला पाहिजे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारा वर्ग सुरू झाला, आणि त्यात मराठी होती. त्याच महाविद्यालयात शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्यकविषयक ग्रंथ मराठीत लिहिले. त्यांच्या सावत्र कन्या रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. धमनीला ‘रोहिणी’ आणि शिरेला ‘नीला’ ही सुंदर नावे मराठी पाठ्यपुस्तकांनी मुलांना दिली. जपानने आपल्या शब्दांवर वैद्यकाचे उच्च शिक्षण उभे केले. आपल्याकडे ते इंग्रजीतच राहिले. त्याचा खेद करीत बसण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्या मुलांनी इंग्रजी संज्ञा उत्तम शिकाव्यात, हिंदीही शुद्ध बोलावी. परंतु ज्याच्यासाठी हे सारे शिकायचे, त्या रुग्णाचा शब्द त्यांना ठाऊक नसेल, तर ती विद्या दारापर्यंत जाऊन परत फिरेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एक लहानसे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. घरोघरी एक वही असावी आणि तिच्यात तीन रकाने असावेत. पहिल्यात आजीआजोबांचा मराठी शब्द, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात इंग्रजी. बधीर, सुन्न, नंबनेस; धाप, साँस फूलना, ब्रेथलेसनेस; कावीळ, पीलिया, जॉन्डिस. वहीच्या पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाचे जुने आजार, चालू औषधे आणि न मानवणारी औषधे लिहावीत. शब्द गोळा करण्याचे काम नातवंडांनी करावे आणि सांगण्याचे आजीआजोबांनी. आपल्यातील डॉक्टर आणि परिचारिका यांनी वही तपासून द्यावी. महिला शाखेने स्त्रियांच्या आजारांचे शब्द स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत, आणि रुग्णालयात सोबत जाऊ शकतील अशा चार-सहा जाणत्या भगिनींची नावे मंडळाच्या फलकावर असावीत.

सुगितांपाशी शब्दकोश नव्हता, तरी त्यांनी ग्रंथ उभा केला. आपल्यापाशी तर शब्द आहेत, आणि ते जाणणारी माणसेही आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.