सरतें वर्ष आणि पुढची इयत्ता

एप्रिल महिना सरत आला, कीं आपल्या घरोघरीं एका कागदाची वाट पाहिली जाते. तो कागद म्हणजे मुलाचें प्रगतिपुस्तक. महाराष्ट्रांत पुष्कळ शाळांमधून 1 मे रोजीं निकाल सांगण्याचा प्रघात पडलेला आहे. मूल वरच्या वर्गांत गेलें, कीं शेजारीं पेढे वाटावयाचे, मग आजोळीं जावयाचें, आणि जूनमध्यें नवीं पुस्तकें व नवा गणवेश घेऊन पुन्हां शाळेची वाट धरावयाची. शाळेचें वर्ष आणि घराचें वर्ष आपल्याकडे असें एकाच तालावर चालतें. हीं दोन वर्षें जेथें एकमेकांशीं जुळत नाहींत, अशा एका प्रदेशाकडे आज मी आपणांस नेणार आहें.

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर मागें पडलें, कीं नंदुरबार येण्यापूर्वीं खांडबारा हें स्टेशन लागतें. नवापूरचें स्टेशन महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरच उभें आहे. त्याचा एक भाग ह्या राज्यांत, तर दुसरा त्या राज्यांत. खांडबारा नवापूर तालुक्यांतच मोडतें. ह्या परिसरांत भिल्ल, मावची, गावीत, कोकणी अशा आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. 1 जुलै 1998 रोजीं धुळ्यापासून नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या खानेसुमारींत ह्या जिल्ह्यांतील दर शंभर माणसांपैकीं सुमारें 69 आदिवासी होतीं, आणि साक्षरतेचें प्रमाण शेंकडा 64 च्या आसपास, म्हणजे साऱ्या राज्यांत सर्वांत कमी होतें.

येथील अनेक कुटुंबांचें वर्ष शेतीवर आणि ऊंसतोडीवर बेतलेलें असतें. खरिपाचें पीक घरांत आलें व दिवाळी झाली, कीं मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायको कोयता घेऊन दक्षिण गुजरातेंतील ऊंसाच्या फडांवर निघतात. घरीं सांभाळावयास कोणी नसेल, तर मुलेंही बरोबर जातात. आई ऊंस तोडते, तेव्हां धाकट्या भावंडाला खोपीजवळ सांभाळण्याचें काम मोठ्या बहिणीकडे येतें. आणि ती मोठी बहीण पुष्कळदां दुसरीतिसरींतली विद्यार्थिनी असते. हीं कुटुंबें परत येतात तीं उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे ज्या सुमारास शाळेंत वार्षिक परीक्षेच्या बाकांवर क्रमांक पडत असतात, त्या सुमारास मूल गांवीं पोंचत असतें.

आतां शाळेकडे वळूं. गेल्या दोनतीन वर्षांत आपल्या प्राथमिक शाळांत बरेच बदल झाले आहेत. 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आलेल्या बालशिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गांत मागें ठेवण्यास मनाई केली होती. 2019 सालीं संसदेनें ती मनाई सैल केली, आणि महाराष्ट्रानें 2023-24 ह्या शैक्षणिक वर्षापासून पांचवी व आठवी ह्या इयत्तांच्या अखेरीस पुन्हां परीक्षा ठेवली. मूल नापास झालें, तर त्याला जादा मार्गदर्शन द्यावयाचें व पुन्हां एकदां परीक्षा घ्यावयाची; तींतही तें उतरलें नाहीं, तर तें त्याच वर्गांत राहील. मात्र प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत त्याला शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं.

हा नियम मुळांतच वाईट आहे, असें मी म्हणणार नाहीं. पाटी कोरी असतांना मुलाला वरच्या वर्गांत ढकलीत नेणें ही कांहीं दया नव्हे. परंतु कायदा असेंही म्हणतो, कीं पहिली ते पांचवीच्या वर्गांत वर्षाकांठीं 200 दिवस अध्यापन झालें पाहिजे. शाळेनें ते दिवस प्रामाणिकपणें भरले, तरी दिवाळीनंतर फडावर गेलेल्या मुलाच्या वाट्यास त्यांतले निम्मेच येतात. वजाबाकीपर्यंत तें वर्गांत होतें. भागाकार झाला, तेव्हां तें नव्हतें. मग पांचवीच्या अखेरीस त्याच्या नांवापुढें जो शेरा पडेल, तो त्याच्या बुद्धीचा म्हणावयाचा, कीं त्याच्या आईबापांच्या पोटापाण्याचा?

दुसरा बदल भाषेचा. 16 एप्रिल 2025 रोजीं शासनानें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला. त्यावर केवढें वादळ उठलें, तें आपणांस ठाऊकच आहे. 29 जून 2025 रोजीं तो निर्णय व त्यानंतरचा सुधारलेला निर्णय हे दोन्ही मागें घेत असल्याचें जाहीर झालें, आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमण्याचें ठरलें. त्या वादांत मातृभाषेच्या बाजूनें जें जें बोललें गेलें, तें मला मनापासून पटतें. सहा वर्षांच्या मुलावर एकाच वेळीं अनेक भाषांचें ओझें टाकूं नये, हें अगदीं खरें.

पण, श्रोतेहो, तोच न्याय खांडबाऱ्याच्या परिसरांतील मुलाला लावून पाहा. त्याच्या घरांत मावची किंवा दुसरी एखादी भिल्ली बोली बोलली जाते. शाळेच्या दाराशीं येतांच त्याला जी मराठी भेटते, ती आपल्या हिशेबीं प्रथम भाषा. त्याच्या हिशेबीं ती दुसरी. फडावर गेलें, कीं कानांवर गुजराती पडते. म्हणजे आपण ज्या तिसऱ्या भाषेविषयीं भांडलों, ती त्याला चौथी ठरली असती. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय राज्यांनीं करावी, असें कलम 1956 सालींच आपल्या घटनेंत घालण्यांत आलें आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें, असें म्हटलें आहे. मराठीसाठीं जो युक्तिवाद आपण आग्रहानें मांडतो, तो मावचीच्या बाबतींत विसरून चालणार नाहीं.

ह्यावर उपाय नाहीं, असें नाहीं. सीमेपलीकडील सोनगडचा मुलूख पूर्वीं बडोदें संस्थानांत मोडत असे. सयाजीराव गायकवाडांनीं 1893 सालीं अमरेली भागांत आणि 1906 सालीं सबंध संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु रानावनांतील मुलांसाठीं नुसती सक्ती पुरत नाहीं, हें ओळखून सोनगडास त्यांच्या राहण्याजेवण्याचीही सोय केली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें व पुढें कोसबाड येथें जें कार्य केलें, त्याची दिशाही हीच होती. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. शिंपले, बिया, पानें हीं त्यांचीं शिकविण्याचीं साधनें होतीं. मुलाच्या दिनक्रमाशीं शाळेनें जुळवून घ्यावयाचें, हें त्यांनीं करून दाखविलें.

आज महाराष्ट्रांत हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आईबाप कामास गेले, तरी मुलानें गांवांतच राहावें, त्याला जेवण मिळावें व शाळा चुकूं नये, हा तिचा हेतु. जें मूल बरोबर जातेंच, त्याच्यासाठीं शिक्षण हमी कार्ड आहे. मूल कोठवर शिकलें, हें त्यावरून दुसऱ्या शाळेस कळावें. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण त्यांचें खरें मोल वेळेवर अवलंबून आहे. वसतिगृह दिवाळीच्या आधीं सिद्ध असेल, तरच त्याचा उपयोग. गाड्या निघून गेल्यावर तें उघडून काय करावयाचें? आणि मराठींत भरलेलें कार्ड सीमेपलीकडे गुजराती शाळेंत वाचलें जाईल, अशी व्यवस्था दोन्ही राज्यांनीं मिळून केली पाहिजे. पांचवीची परीक्षा ठेवली, ती ठेवावी. परंतु नापास मुलाची उजळणी शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यांत उरकण्यापेक्षां, मूल फडावरून आलें त्याच दिवसापासून सुरू व्हावी.

आपल्यासारख्या शहरवासीयांनाही येथें करण्याजोगें कांहीं आहे. स्थलांतर करणारीं मुलें केवळ फडावरच जातात असें नाहीं. आपल्या गल्लींत नवी इमारत उठत असते, तेथेंही तीं असतात. त्यांच्याजवळ जुन्या शाळेचा दाखला नाहीं, किंवा वर्ष निम्मे उलटलें आहे, एवढ्याच कारणावरून शाळेला प्रवेश नाकारतां येत नाहीं, आणि त्यांच्या वयाला योग्य अशाच वर्गांत त्यांना बसविलें पाहिजे, असें कायदा सांगतो. ही गोष्ट पुष्कळ आईबापांना माहीत नसते. ती आपण सांगावी, आणि जरूर पडल्यास त्यांच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत जावें.

पुढच्या 1 मे रोजीं आपल्या घरीं पेढे येतील. त्यांतल्या साखरेचा ऊंस तोडावयास ज्यांचे आईबाप गेले होते, तीं मुलेंही त्याच सुमारास गांवीं परतलेलीं असतील. तीं पुढच्या इयत्तेंत गेलीं कीं नाहीं, एवढेंच विचारून आपण थांबूं नये. ज्या महिन्यांत तीं गांवांत नव्हतीं, त्या महिन्यांत शाळेनें त्यांच्यासाठीं काय केलें, हेंही वर्षअखेरीस विचारलें जावें. त्या प्रश्नाचें उत्तर ज्या वर्षीं समाधानकारक मिळेल, त्या वर्षीं ह्या शाळांचा निकाल चांगला लागला, असें मी म्हणेन.