भूमिहीनांची नदी

(अमरावती येथे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

वन्य प्राणी, मासे आणि त्यांचा बदलता परिसर हा विषय आजच्या बैठकीत पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. कापसाचा भाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी, धरणग्रस्तांचे पुनर्वसन असे जळते प्रश्न समोर असताना मासे आणि घुबडे मोजीत बसायला आपण काय पक्षिनिरीक्षकांचे मंडळ आहोत, असे एका जुन्या सहकाऱ्याने मला येथे येतानाच विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता आले तर माझे भाषण सार्थकी लागले असे मी समजेन.

आपण जमिनीचा प्रश्न मांडतो तेव्हा ज्याच्या नावाचा सातबारा आहे तो, किंवा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राबणारा मजूर आपल्या डोळ्यांपुढे असतो. परंतु ज्याचे पोट कोणत्याच सातबाऱ्यावर नोंदलेले नाही, असाही एक माणूस आपल्या गावात राहतो. तो भोई आहे, ढीवर आहे. नदीचा डोह हीच त्याची जमीन, पावसाळ्यातला पूर हीच त्याची पेरणी आणि त्याच्या घरची बाई टोपली घेऊन बाजारात बसते तेव्हा त्याचे पीक घरात येते. शेतकऱ्याचे पीक बुडाले की तलाठी येतो, पंचनामा होतो, मदत मिळो न मिळो, निदान नुकसान कागदावर चढते. भोयाचा डोह मेला तर पंचनामा करायला कोणीही येत नाही. कारण त्या डोहात काय होते याची नोंदच मुळी कोणापाशी नसते. म्हणून नदीत कोणते मासे होते, त्यांतले किती उरले आणि बाकीचे का गेले, हा केवळ प्राणिशास्त्राचा प्रश्न नाही. भूमिहीनाच्या मालमत्तेचा तो हिशेब आहे.

आपला वऱ्हाड दोन समुद्रांच्या पाणलोटावर वसला आहे. मेळघाटातील खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या नद्यांचे पाणी तापीला जाते. शहानूर, वान, पेढी, काटेपूर्णा, मोर्णा पूर्णेला मिळतात आणि पूर्णा चांगदेवाजवळ तापीत विसर्जित होते. हे सारे पाणी अरबी समुद्राचे. उलट अमरावतीच्या पूर्व सीमेवरील वर्धा आणि जुन्या अकोला जिल्ह्यातून वाहणारी अडाण या गोदावरीच्या परिवारातल्या. त्यांचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. दोन शेजारच्या तालुक्यांतले दोन ओढे असे परस्परांकडे पाठ फिरवून वाहतात, आणि त्यांतली माशांची वस्ती हजारो वर्षे आपापल्या खोऱ्यात वाढत आली आहे.

या वस्तीला जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पूर, डोह आणि वाळू. पहिल्या पुराबरोबर अनेक जातींचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालतात. हिवाळा सरला, प्रवाह तुटला की नदीचे प्राण डोहांत एकवटतात. उन्हाळाभर तग धरलेले तेथले मासेच पुढच्या पावसाळ्याचे बियाणे असतात. वाम वाळूत आणि दगडांच्या कपारीत राहते. मरळ गवताळ, संथ पाण्यात पिले राखते आणि वरची हवाही घेऊ शकते, म्हणून ती गढूळ पाण्यात इतरांपेक्षा जास्त टिकते. बांधाने चढणीची वाट अडवली, पंपांनी डोह उपसला आणि ट्रॅक्टरने वाळू नेली, की या तीनही गोष्टी एकाच वेळी जातात. वरून पाहणाऱ्याला नदी पावसाळ्यात पूर्वीसारखीच वाहताना दिसते. आतले घर मात्र मोडलेले असते.

धरणांविरुद्ध सरसकट बोलणे मला मान्य नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात आहेत. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही अशा गावाला वानचे किंवा महानच्या धरणाचे गोडे पाणी नको म्हणायला सांगणे हा निर्दयपणा होईल. परंतु धरणाच्या खाली नदीत किती पाणी राहावे आणि धरणाच्या आत जो मासा वाढतो तो कोणाचा, हे दोन प्रश्न विचारायला खारपाणपट्ट्यातल्या माणसाचीही हरकत असणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. मत्स्योत्पादनाचे सरकारी आकडे वाढताना दिसतात आणि भोयाची टोपली रिकामी होताना दिसते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जलाशयात जे मासे सोडतात ते प्रामुख्याने रोहू, कटला आणि मृगळ. मूळचे गंगेच्या परिवारातले. साचलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि तेथून मत्स्यबीज केंद्रांचे युग सुरू झाले. शोध मोठा होता, लाखोंच्या ताटात त्यामुळे मासा आला, हे कृतज्ञतेने मान्य करू. तथापि त्याची दुसरी बाजू वऱ्हाडच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. पूर्वी तो घरची सरकी राखून पेरीत असे. आज दरवर्षी पाकीट विकत आणतो. माशाचेही तसेच झाले. नदीचा मासा स्वतःचे बियाणे स्वतः राखतो. जलाशयाचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. म्हणजे भांडवल आले, भांडवलाबरोबर ठेकेदार आला आणि ज्याचे पूर्वज त्या डोहाचे राखणदार होते तो भोई ठेकेदाराच्या होडीवर मजूर झाला. १९५२ मध्ये तिलापिया देशात आणला गेला तो चिवट, भराभर वाढणारा म्हणून. जेथे गेला तेथे त्याने स्थानिक माशांची जागा घेतली. आफ्रिकी मांगूर तर २००० मध्ये बंदी घालूनही लपूनछपून पाळला जातो.

त्यात विषाची भर पडली. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. त्या माणसांसाठी निदान चौकशी झाली. जे औषध माणसाच्या छातीत गेले, तेच पुढच्या सरीबरोबर नाल्यात जाते. त्या पाण्यात काय मेले हे कोणी पाहिले? जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याचे हजारो नागरिक मोर्णेत उतरले आणि त्यांनी जलपर्णी उपसली. ते दृश्य अभिमानास्पद होते. परंतु जलपर्णी हे लक्षण आहे, रोग नव्हे. शहराचे सांडपाणी जोवर नदीत येते तोवर तिला खतपाणी मिळतच राहणार.

हे सारे आपल्याला कसे कळते? संशोधनामुळे. आणि चांगले संशोधन कसे असते याचे उदाहरण आपल्या घराजवळच आहे. कारंजा लाडचे डॉ. नीलेश हेडा यांनी अडाण आणि गडचिरोलीकडील कठाणी या दोन नद्यांतील मत्स्यवैविध्याचा अभ्यास केला. त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९८ पर्यंत कारंजा अकोला जिल्ह्यातच होते. अडाण ही काही जगप्रसिद्ध नदी नव्हे. तिच्यावर पर्यटक येत नाहीत, वाघ तर नाहीच नाही. अशा सामान्य नदीत जाती ओळखून त्यांची यादी करणे हे कामच पुढच्या सर्व हक्कांचा पाया आहे. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यानेही नवेगावबांधच्या ढीवरांकडून पाण्याचे ज्ञान घेतले, हे आपण जाणतोच. कोणता मासा कोणत्या नक्षत्रात चढतो हे विद्यापीठाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी जाळे विणणाऱ्याला ठाऊक असते. शास्त्रज्ञ त्या ज्ञानाला मोजमाप देतो, दुसऱ्या नदीशी ताडून पाहतो, कधी त्यातली चूकही दाखवतो. दोघांना एकमेकांची गरज आहे.

नोंद खोटी असली तर काय होते, याची कथा एका पक्ष्याने सांगून ठेवली आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड ह्यूमने १८७३ मध्ये जगापुढे मांडले. १८८४ नंतर ते कोणा अभ्यासकाला सापडेना. मधल्या काळातला एकच नमुना होता. कर्नल माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचे सांगितले होते. त्या भरवशावर लोक भलतीकडे शोध घेत राहिले. पुढे पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केले की तो नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता. ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या आधारे त्या आणि त्यांचे सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षे हरवलेला पक्षी! पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हा त्याचा एक मोठा आधार मानला जातो. मित्रहो, तो हरवला होता तो पुस्तकाच्या हिशेबी. विरळ सागवनात, झाडाच्या ढोलीत त्याचा संसार चालूच होता.

ही कथा आज आठवण्याचे कारण आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी असे ठरवले. वर्षानुवर्षे काम रखडले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली आणि नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. एका गावची यादी दुसऱ्या गावाला चिकटवल्याच्या तक्रारी अनेक ठिकाणांहून आल्या. ही माइनर्ट्‌झहागेनचीच चिठ्ठी नव्हे काय? उद्या नदीवर कारखान्याचे पाणी सोडले गेले आणि भोई तक्रार करू लागला, तर समोरचा वकील हीच वही उघडून विचारील, “येथे तुमचा मासा कोठे लिहिला आहे?”

आता मेळघाटाविषयी. १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पात देशातली जी पहिली नऊ क्षेत्रे निवडली गेली त्यांत मेळघाट होता. वाघ राखला गेला म्हणून त्या पाच नद्यांचे उगम राखले गेले, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु त्याची किंमत कोणी दिली? गाभ्यातील गावे उठवून सपाटीवर आणली गेली. शेती, पाणी, रोजगार यांच्या तक्रारी घेऊन काही कुटुंबे परत जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात आदिवासी व सरकारी कर्मचारी यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. वनरक्षकही गरिबाचाच मुलगा होता, हे विसरू नका. आणि दुसरे चित्र अचलपूर तालुक्यातील पायविहीरचे. २०१२ मध्ये त्या लहानशा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडी ग्रामसभेने राखली, सीताफळाचे उत्पन्न स्वतः विकले आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. माणूस हटवला तरच निसर्ग वाचतो, या मताला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

तेव्हा करायचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये, सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातील इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मेळघाटातला दावा भरताना हा रकाना कोरा ठेवू नका. दुसरे, आपल्या गावाची नोंदवही ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा; वाचताना भोयाची म्हातारी, गुराखी आणि महाविद्यालयातला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक एका सतरंजीवर बसलेले असले पाहिजेत. जे नाही ते लिहू नका, जे आहे ते गाळू नका. तिसरे, गावाने नदीचा एक डोह राखावा: उपसा नाही, विषप्रयोग नाही, पहिल्या पुरात चढत्या माशाला जाळे नाही. चौथे, जलाशयाचा ठेका स्थानिक मच्छीमारांच्या खऱ्याखुऱ्या सहकारी संस्थेला मिळावा. कागदावरच्या संस्थेमागून ठेकेदार बोलत असेल तर त्याला उघडे पाडावे. या मागण्या मोर्च्याच्या घोषणांना भारी वाटत नाहीत, हे मला कळते. भोई संख्येने थोडे आहेत, त्यांची मतेही थोडी. परंतु ज्यांची मते थोडी आहेत त्यांचाच हिशेब आधी मांडायचा, यासाठीच तर आपण या कामात आलो.

माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या नदीतल्या माशांची नावे विचारून यावे. आणि ती नावे सांगणाऱ्यालाही बरोबर आणावे.